नागपुरात आलेला ट्रॅव्हल बग पुढे कसा पाठवायचा, आणि त्यासाठी पिशवीत काय काय हवं

प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीत जर्मनीहून आलेल्या मावसभावाने दोन वस्तू हातात दिल्या: एक धातूची पट्टी, तिला छोटा लाकडी हत्ती अडकवलेला, आणि एक जाडसर नाणं. "नागपुरातल्या एखाद्या जिओकॅशमध्ये टाकून दे, पुढे जाईल," असं सांगून तो परत गेला. आता या वस्तू कुठे टाकायच्या, नोंद कशी करायची, आणि या छंदासाठी जीपीएस यंत्र व बाकीचं सामान कोणतं घ्यावं, असं विचारलं आहे.

सामानाची घाई नाही, ते शेवटी घेतो. वस्तूंची घाई आहे, कारण त्या दुसऱ्याच्या आहेत आणि सध्या तुमच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून आहेत.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. 2 मे 2000 रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि साध्या माणसाच्या हातातलं यंत्र एकदम अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर यांनी काही वस्तू आणि वही एका बादलीत ठेवून ती लपवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून जिओकॅशिंग हा खेळ जगभर गेला; लपवलेला डबा म्हणजे जिओकॅश. डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तसा परत ठेवायचा. डब्यातलं एखादं खेळणं घेतलं तर त्याच तोलाचं काहीतरी ठेवायचं. ट्रॅकेबलला, म्हणजे क्रमांक कोरलेल्या फिरत्या वस्तूला, मात्र ही अदलाबदल लागू नाही. तिला मालक असतो, तिचं स्वतःचं पान असतं, आणि उचलणारा फक्त वाहक असतो. तुमच्या हातातली पट्टी म्हणजे ट्रॅव्हल बग, नाणं म्हणजे जिओकॉइन. दोन्हींचं काम एकच, या डब्यातून त्या डब्यात फिरत राहायचं.

आज संध्याकाळी पहिलं काम हे करा. पट्टीवर आणि नाण्यावर कोरलेला क्रमांक उजेडात नीट वाचून कागदावर उतरवा. शून्य आहे की ओ, एक आहे की आय, हे नखाने चाचपून बघायची वेळ येते; नाण्यावर तर तो कडेला इतका बारीक असतो की फोनच्या कॅमेऱ्याने मोठा करून पाहावा लागतो. मग या खेळाचं संकेतस्थळ geocaching.com उघडा; त्याऐवजी फोनवरचं अॅप वापरत असाल तरी चालेल, फुकट खातं पुरतं. त्या क्रमांकाने शोध घेतला की वस्तूचं पान उघडेल. तिथे मालकाने लिहिलेला उद्देश आधी वाचा. कोणाला आपला बग समुद्रकिनारी न्यायचा असतो, कोणाला फक्त रेल्वे स्थानकांजवळच्या डब्यांत. हत्तीला आशियातच फिरायचं असेल तर तो पुढच्या महिन्यात अमेरिकेला निघालेल्या मित्राकडे देण्यात अर्थ नाही.

हा कोरलेला क्रमांक गुप्त असतो. पानावर टीबी या अक्षरांनी सुरू होणारा दुसरा क्रमांक दिसतो, तो जाहीर. गुप्त क्रमांक नोंदीत लिहू नका आणि इन्स्टाग्रामवर हत्तीचा फोटो टाकताना पट्टी उलटी धरा. क्रमांक दिसला की जगभरातले लोक वस्तू न बघताच 'पाहिली' म्हणून नोंदवतात आणि मालकाला तिच्या खऱ्या प्रवासाची बातमी त्या गर्दीत सापडत नाही. याला एक सुंदर अपवाद आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हरन्स या नासाच्या गाडीवर, शर्लॉक नावाच्या उपकरणाच्या तपासणी-पट्टीवर असाच एक क्रमांक आहे, आणि तो नासाच्या छायाचित्रांतून वाचून नोंदवायलाच ठेवलेला आहे. पृथ्वीवरच्या हत्तीला ती सवलत नाही.

आता नोंद. मावसभावाने जर्मनीतल्या डब्यातून वस्तू उचलल्याची नोंद केली असेल, तर पानावर त्या त्याच्या हातात दिसतील. तुम्ही 'ग्रॅब' हा पर्याय निवडा, म्हणजे डब्याबाहेर, हातोहात मिळाल्या असा अर्थ होतो. त्याने नोंदच केली नसेल आणि पानावर वस्तू अजून तिथल्या डब्यातच दिसत असतील, तर थेट ग्रॅब करू नका. आधी त्याला फोन करा, त्याच्याकडून 'रिट्रीव्ह', म्हणजे डब्यातून काढल्याची नोंद, करून घ्या, त्याने ती डब्यातून काढली त्या दिवसाची तारीख घालायला सांगा, मग तुम्ही घ्या. हा क्रम पाळला की प्रवास जसा झाला तसाच पानावर उमटतो.

वस्तूने कापलेलं अंतर पानावर कसं मोजलं जातं तेही सांगतो, कारण यावर नवे लोक हमखास अडतात. वस्तू कोणत्या गाडीने गेली याच्याशी त्या पानाला देणंघेणं नाही. आधीच्या डब्यापासून पुढच्या डब्यापर्यंतचं सरळ हवाई अंतर धरतात. नागपूर ते मुंबई रेल्वेने 837 किलोमीटर, पण बगच्या खात्यात 690 च्या आसपासच जमा होतील. तुमच्या ड्रॉवरपर्यंत आलेलं अंतर अजून शून्यच आहे. इथल्या एखाद्या डब्यात नोंद झाली की जर्मनी ते नागपूर एकदम जमा होईल.

त्यासाठी वस्तू डब्यात सोडावीच लागते असं नाही. 'व्हिजिट' नावाचा पर्याय आहे. डबा सापडला, हत्ती तुमच्या खिशात होता, डब्याच्या नोंदीसोबत हत्तीची भेट नोंदवली, आणि हत्ती घेऊन घरी आलात. अंतर जमा होतं, मालकाला फोटो मिळतो, आणि वस्तू सुरक्षित राहते. नागपूरसारख्या ठिकाणी मी नव्या माणसाला सुरुवात यानेच करायला सांगतो.

कारण खरी अडचण आपल्या शहराची आहे. जर्मनीत असे डबे लाखांनी आहेत. संध्याकाळी फिरायला निघालेला माणूस वाटेत दोन शोधून येतो. आपल्याकडे डबे विरळ, शोधणारे त्याहून विरळ. 'कुठल्याही डब्यात टाक, कोणीतरी नेईल' हे म्युनिकमध्ये खरं असेल, विदर्भात नाही. इथे बग सोडण्याआधी तो पुढे कोण उचलणार याचा विचार झाला पाहिजे. तो झाला नाही तर वस्तू एका पावसाळ्यात संपते.

म्हणून नकाशावर डबा दिसला की पुढच्या गोष्टी बघा. शेवटची 'सापडला' नोंद कधीची? वर्षभरापूर्वीची असेल तर तिथे बग ठेवणं म्हणजे विहिरीत टाकणं. त्यावर सलग 'सापडला नाही' अशा नोंदी असतील तर डबाच गेलेला असण्याची शक्यता जास्त. आकार बघा, मायक्रो आणि नॅनो डब्यांत वहीची सुरळीच कशीबशी मावते, हत्ती कुठून मावणार? निदान 'स्मॉल' हवा. अर्थकॅश आणि व्हर्च्युअल प्रकारात डबाच नसतो, फक्त जागा असते, त्यामुळे तिथे भेट नोंदवता येते पण वस्तू सोडता येत नाही. मालकाचं खातं चालू आहे का तेही बघा. जो माणूस डबा लपवून दुसऱ्या शहरात निघून गेला त्याच्या डब्यात मी माझी साधी किल्लीही ठेवणार नाही.

जागेचा विचार वेगळा करा. वस्तू लांब जायची तर लांब जाणारा माणूस त्या डब्यापाशी यायला हवा. आपल्याकडे तसा माणूस म्हणजे पेंचला वाघ बघायला आलेला पाहुणा, वर्धा रोडच्या हॉटेलात कामासाठी उतरलेला इंजिनिअर, सेवाग्राम किंवा दीक्षाभूमी बघायला आलेला प्रवासी. त्यांच्या वाटेवरचा डबा शहराच्या कोपऱ्यातल्या डब्यापेक्षा कधीही चांगला. पावसाळ्यात पेंचची सफारी बंद असते, त्यामुळे त्या बाजूला बग सोडायचा तर ऑक्टोबरनंतर सोडा.

काही जागा मात्र सरळ सोडून द्या. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, कामठी छावणी आहे, वायुसेनेचा परिसर आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. यांच्या कुंपणाजवळ माणूस वाकून काहीतरी शोधतोय हे दृश्यच चुकीचं. रेल्वे आणि मेट्रो स्थानकांचंही तेच. पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही संरक्षित जंगलं आहेत. तिथे डबा ठेवणं तर नाहीच, सफारीत गाडीतून उतरायचीही परवानगी नसते. रामटेकच्या मंदिरांच्या दगडांत काही खोचायचं नाही, दगड हलवायचा नाही. तिथल्या माकडांना डबा उघडता येत नसेल पण तो घेऊन पळता नक्की येतो.

पाणी कोणत्या वाटेने येतं तेही बघा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं, ते सगळ्यांना आठवत असेल. नदीकाठच्या, नाल्याच्या पुलाखालच्या डब्यात जून ते सप्टेंबर काही सोडू नका, आधी तिथे काहीही झालेलं नसलं तरी.

असा डबा मिळालाच नाही तर? तर वस्तू जवळ ठेवा आणि मालकाला दोन ओळी लिहा. दोन आठवड्यांत पुढे सरकवावी असा साधारण शिष्टाचार आहे, पण इथे डबे कमी आहेत, चांगली जागा बघतोय, असं कळवलं की बहुतेक मालक आनंदाने थांबतात. त्यांना राग येतो तो मौनाचा. महिनोन् महिने वस्तू एखाद्याच्या नावावर दिसते आणि पत्राला उत्तर नाही, हे मालकाला फार लागतं. कोणाच्या तरी आजोबांच्या आठवणीत सोडलेला बग असतो, कोणाच्या मुलाचं पहिलं खेळणं असतं.

दुसरा मार्ग हातोहात देण्याचा. पुण्याला किंवा बंगळूरला निघालेला ओळखीचा जिओकॅशर असेल तर त्याच्या हातात द्या. तो ग्रॅब करेल. पोस्टाने पाठवायचं तर लाकडी हत्ती सुटा करून हवेचे फुगे असलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पट्टी पुठ्ठ्याला चिकटपट्टीने घट्ट बसवा, आणि परदेशी पाठवताना कस्टम्सच्या फॉर्मवर 'स्मृतिचिन्ह, धातूची पट्टी' असं साध्या शब्दांत लिहा. पाकीट हरवलंच तर क्रमांक तुमच्याकडे लिहिलेला असावा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे इव्हेंट, म्हणजे जिओकॅशरांची जाहीर भेट, ठेवणं. ठिकाण आणि वेळ जाहीर करायची, निदान 30 मिनिटं तिथे थांबायचं, दोन आठवडे आधी मंजुरीसाठी पाठवायचं, बस. फुटाळा तलावावर संध्याकाळी चार माणसं जमली तरी वस्तू इव्हेंटच्या पानावर ड्रॉप करता येतात आणि तिथेच दुसरा उचलतो. वस्तू हातात घेऊन बघता येते, घेणारा कुठे निघालाय ते विचारता येतं. विरळ डब्यांच्या शहरात बग जिवंत राहतो तो अशा माणसांमुळे.

आणि पुढेमागे स्वतःचा डबा ठेवाच. दुसऱ्या डब्यापासून 161 मीटर लांब, जागामालकाची परवानगी, जमिनीत पुरायचा नाही, आत खाणं, चाकू, काडेपेटी नाही, एवढं पाळलं की स्वयंसेवक तपासनीस मंजूर करतो. दुकानाची जाहिरात होईल अशी जागा चालत नाही. माझ्या मते नागपुरात बगसाठी सर्वात चांगला डबा घराच्या फाटकापाशी असतो, जिथे मालकाची नजर रोज जाते. धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर, कुठेही चालेल. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. डबा पारदर्शक घ्या, बाहेरून आतलं दिसावं, आणि वर मराठीत व हिंदीत ठळक लिहा की हा खेळाचा डबा आहे, सोबत फोन नंबर. परदेशात लोक लष्करी गोळ्यांच्या जुन्या पेट्या वापरतात. आपल्याकडे बेवारस पेटी दिसली की पोलीस येतात, आणि त्यांनी यायलाच हवं.

डब्याची निवड उन्हाळा आणि पावसाळा या दोघांसाठी करावी लागते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो. भिंतीला टेकलेल्या डब्यात त्याहून जास्त तापतं. साधी झिपची पिशवी दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते, स्टिकरचा गोंद वितळतो, बॉलपेन गळतं आणि वही निळी होते. म्हणून पेन्सिल ठेवा. चारही बाजूंनी कडी लागणारा, रबरी पट्टीचा डबा सीताबर्डीत किंवा इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळतो. घेताना पट्टी काढून बघा, ती सुटी निघत असेल तर पुढे बदलता येते. स्टीलचा डबा गंजत नाही पण झाकणातून ओल आत शिरते. बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या आत टाका आणि गणपतीनंतर बदला. डब्याखाली एक विटेचा तुकडा ठेवला की वाळवी आणि मुंग्यांचा त्रास बराच कमी होतो.

तुमच्या हत्तीचं एक काम घरीच करून टाका. ट्रॅव्हल बगसोबत येणारी मण्यांची साखळी नाजूक असते, झटक्याने सुटते आणि पट्टी एकीकडे, प्राणी दुसरीकडे. किल्लीवाल्याकडून स्टीलची दुहेरी कडी घ्या आणि तिच्यात दोन्ही ओवा. सोबत एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी अडकवा: 'ही वस्तू प्रवासात आहे, ठेवून घेऊ नका,' मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. डबा चुकून शाळकरी मुलांच्या हाती लागला तर ही चिठ्ठीच कामाला येते.

नाण्याबाबत माझं मत ठाम आहे: ते डब्यात सोडू नका. नाणी देखणी असतात आणि तीच सर्वात जास्त गायब होतात. मालकाला विचारा, तो हो म्हणाला तर नाण्याचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून लॅमिनेट करा, क्रमांकासकट, आणि ती प्रत फिरू द्या. नाणं मावसभाव पुढच्या खेपेला घेऊन जाईल. पुढे तुम्ही स्वतःचा बग विकत घेतलात तर पाकिटात एकाच क्रमांकाच्या दोन पट्ट्या असतात. दुसरी घरी ठेवायची असते, ती याचसाठी.

आता सामान. वेगळं जीपीएस यंत्र घेऊ नका. आजचा बरा फोन उघड्यावर तीन ते पाच मीटरपर्यंत नेतो आणि एवढं पुरतं. डब्याचे अक्षांश-रेखांश अंश आणि मिनिटांत देतात, मिनिटाच्या तिसऱ्या दशांशापर्यंत. उत्तर-दक्षिण तो शेवटचा आकडा एकाने बदलला की जमिनीवर 1.85 मीटर सरकतं, म्हणजे फोन शेवटच्या आकड्यात नाचत असेल तर फोनमागे नाचू नका. थांबा, डोळे वापरा, 'मी लपवला असता तर कुठे' असा विचार करा. सेमिनरी हिल्सच्या दाट झाडीत संकेत पानांवर आपटून येतात, तिथे दहा-पंधरा मीटरचा फरक धरूनच चला.

फोनची परीक्षा घ्यायची तर झिरो माइलला जा. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या तिथल्या खुणेवर समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट, म्हणजे सुमारे 311 मीटर, नोंदलेली आहे. फोनने कित्येक मीटर कमी दाखवली तर फोन बिघडलाय असं समजू नका. बरीच अॅप पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतात, आणि भारतात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या खाली आहे. डबा शोधायला उंची लागतही नाही.

एक गोष्ट मावसभावाला आवर्जून कळवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं, म्हणजे सॅटेलाइट फोन किंवा इनरीचसारखी उपकरणं, परवान्याशिवाय भारतात आणणं बेकायदा आहे. परदेशी प्रवासी यावरून विमानतळांवर अटकेत गेले आहेत. पुढच्या वेळी त्याने ते घरीच ठेवून यावं.

पिशवीत पॉवर बँक हवी, नकाशे घरून उतरवून घ्या, आणि फोनला पांढरं कापड गुंडाळा, कारण एप्रिलच्या उन्हात तो स्वतःच तापून बंद पडतो. डोक्याला दुपट्टा, दोन लिटर पाणी, आणि सकाळी नऊच्या आत घरी. एक लांब टोकाचा चिमटा ठेवा. नॅनो डब्यातली सुरळी बोटांनी निघत नाही आणि ओढली की फाटते. चिमट्याने कागदाचं आतलं टोक धरायचं, सुरळीच्याच दिशेने एक पीळ द्यायचा, ती आकसते आणि सहज बाहेर येते. कोरडे सुटे कागद ठेवा, भिजलेली वही दिसली तर एक आत सरकवा आणि मालकाला कळवा. छोटा आरसा आणि टॉर्च ठेवा, बाकाखाली बघायला. चुंबक लागेल, हातमोजे लागतील.

आणि काठी. ती विसरलात तर त्या दिवशी शोध रद्द करा. आपल्या भागात नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही आहेत, आणि दगडाखालची गार जागा त्यांनाही हवी असते. ढोलीत, भिंतीच्या भोकात, पाचोळ्यात हात घालायचा नाही. आधी दोन पावलं मागे उभं राहून काठीने जागेभोवती आपटायचं, क्षणभर थांबायचं, मग टॉर्च मारून आत बघायचं, मग काठीनेच डबा बाहेर ओढायचा. दगड उचलायचा तर पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे आतलं जनावर तुमच्यापासून दूर निघतं. डबा उघडण्याआधी खालून बघा, विंचू बुडाला चिकटून बसतो. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस झाडीतले डबे सोडाच, फाटकांवरचे शोधा. आणि एकट्याने जाऊ नका. इव्हेंटला भेटलेला जोडीदार इथेही कामाला येतो.